यंत्राने कारण सांगितले पाहिजे

दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून, मोडेम नावाच्या एका लहानशा पेटीच्या मध्यस्थीने, घरातला संगणक बाहेरच्या जगाशी जोडण्याचा जो उद्योग गेल्या शतकाच्या अखेरीस आणि या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत आपल्याकडे चालला, त्याची आठवण आता बहुतेकांच्या मनात त्या पेटीच्या कर्कश आवाजापुरती उरली आहे. आणि ज्या थोड्या लोकांनी त्या काळी विंडोजची रुळलेली वाट सोडून घरच्या संगणकावर लिनक्स ही मुक्त प्रणाली चालवली, त्यांना त्या उद्योगातून कोणती विद्या लाभली, याची नोंद तर कुणी ठेवलीच नाही. बिघडलेल्या यंत्राकडून त्याच्या बिघाडाची कैफियत मागावी आणि ती हाती आल्यावर एकेक कारण तपासून बाद करीत मूळ दोषापर्यंत पोहोचावे, अशी ती विद्या होती. बीड जिल्ह्यातल्या माणसाला आज रेशनपासून पीकविम्यापर्यंत प्रत्येक हक्कासाठी कुठल्या ना कुठल्या पडद्यासमोर उभे राहावे लागते, आणि तो पडदा अडला म्हणजे ‘काही तांत्रिक अडचण आली आहे, नंतर प्रयत्न करा’ एवढे सांगून मोकळा होतो. म्हणूनच त्या जुन्या विद्येचा उच्चार आज मुद्दाम करावासा वाटतो.

विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी, आणि तेही आरंभी महानगरांपुरते. तेथले विद्यार्थी स्वस्तातले ‘शेल’ खाते घेऊन चित्रविरहित काळ्या पडद्यावर पत्रव्यवहार करू लागले, त्यानंतर पुष्कळ काळाने मराठवाड्यातल्या जिल्ह्यांची पाळी आली. जोडणीचे केंद्र जोवर दुसऱ्या शहरात होते तोवर अंबाजोगाई, माजलगाव किंवा गेवराईच्या घरातून केलेली प्रत्येक जोडणी म्हणजे एक एसटीडी कॉल असे; आणि एसटीडीचे दर रात्री उतरत असल्यामुळे, ज्या घटकेला बूथवर पुण्या-मुंबईतल्या मुलांशी बोलण्यासाठी आईबापांची रांग लागे, त्याच घटकेला घरातला मोडेमही जागा होई. 1998 च्या अखेरीस खासगी कंपन्यांना ही सेवा देण्याची मुभा मिळाली, पुढे स्थानिक कॉलच्या दरातही जोडणी होऊ लागली. तथापि मीटर पळत असल्याचे भान कधी सुटले नाही, आणि फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाची किंमत महिनाअखेरच्या बिलात उतरत राहिली.

लिनक्सची कथा वेगळी. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 मध्ये आरंभलेली आणि 1994 च्या मार्चमध्ये 1.0 या आवृत्तीला पोहोचलेली ही प्रणाली आपल्याकडे घराघरांत शिरली ती मुख्यतः संगणकविषयक मासिकांबरोबर मिळणाऱ्या तबकड्यांतून, आणि त्यांत ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाचा वाटा मोठा होता. तारेवरून ती उतरवून घेण्याचा प्रश्नच नव्हता. साडेसहाशे मेगाबाइटांची एक तबकडी 33.6 किलोबिटांच्या वेगाने उतरवावयाची तर जोडणी क्षणभरही न तुटता चाळीस तासांहून अधिक वेळ लागला असता, आणि आमच्या भागात जोडणी चाळीस मिनिटे टिकली तरी लोक समाधान मानीत. शिवाय जोडणी कशी करावी याचे मार्गदर्शन जोडणीपलीकडे आणि जोडणी तर मार्गदर्शनावाचून होत नाही, हा पेच होताच. तो सुटला तो एका साध्या सौजन्यामुळे: लिनक्सच्या स्वयंसेवकांनी लिहिलेल्या ‘हाऊ-टू’ नावाच्या पुस्तिका त्याच तबकडीवर भरलेल्या असत, आणि मोडेम, सीरियल पोर्ट, पीपीपी या प्रत्येकावर त्यांत स्वतंत्र प्रकरण असे. ज्याला इंग्रजी वाचता येत होते त्याला गुरूवाचून विद्या मिळण्याची ही सोय होती. ज्याला इंग्रजी येत नव्हते त्याला तिचा काहीही उपयोग नव्हता; हा भेद मी विसरलेलो नाही, आणि पुढे जे मागावयाचे आहे त्यात तो राहू नये असा माझा आग्रह आहे.

पहिला अडसर मोडेमचाच असे. संगणक जोडून देणारे दुकानदार त्यात बहुधा आतल्या खाचेत बसणारा स्वस्त मोडेम घालून देत, आणि त्या मोडेममध्ये निम्मे यंत्रच नसे. अंकांचे ध्वनीत आणि ध्वनीचे अंकांत रूपांतर करण्याचे जे काम मोडेममधल्या स्वतंत्र चिपने करावयाचे, ते संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर लादलेले असे, व त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर केवळ विंडोजसाठी लिहिलेले असे. या जातीला ‘विनमोडेम’ हे नाव पडले होते. निर्मात्यांनी आतली रचना गुप्त राखल्यामुळे लिनक्सच्या हुशार कारागिरांनाही तेथे हात टेकावे लागत. अंबाजोगाईतल्या आमच्या घरच्या संगणकात हाच प्रकार निघाला. लिनक्समध्ये सीरियल पोर्टांची नावे ‘टीटीवायएस-शून्य’पासून पुढे चालतात, त्यांतल्या एकेकावर ‘मिनिकॉम’ या कार्यक्रमातून ‘एटी’ ही दोन अक्षरे पाठवावयाची आणि मोडेम ‘ओके’ असा जबाब देतो का ते पाहावयाचे, ही पहिली परीक्षा. आमचा मोडेम कोणत्याच दारावर बोलेना. त्या वेळच्या औरंगाबादेहून बाहेरून जोडावयाचा, स्वतःचा वीजपुरवठा व स्वतःचे दिवे असलेला सीरियल मोडेम मागवला, तारा जोडल्या, तीच दोन अक्षरे पाठवली आणि ‘ओके’ असे उत्तर आले. गुप्त रचनेचे यंत्र बिघडले तर ते बदलण्यावाचून गत्यंतर नसते आणि उघड रचनेचे यंत्र दुरुस्त करता येते, हा धडा तेव्हा पैसे मोजून मिळाला.

मोडेम बोलू लागला म्हणजे डायल करण्याची पाळी. येथे अडचण आली तर मोडेम ‘नो डायलटोन’ म्हणे, आणि फोन कानाला लावावा तर टोन स्पष्ट ऐकू येई. मोडेमची घडण अमेरिकी तारेला अनुसरून झालेली. तिकडच्या डायल टोनमध्ये 350 व 440 हर्ट्झचे दोन सूर मिसळलेले असतात, आपल्याकडचा टोन 400 हर्ट्झच्या आसपासचा. तेव्हा आपल्या तारेवरचा चालू टोन त्या परक्या कानाला टोनच वाटत नसे. ‘एटीएक्स-थ्री’ ही आज्ञा दिली, म्हणजे टोनची वाट न पाहता नंबर फिरव असे त्याला सांगितले, की काम पुढे सरके. जुन्या धाटणीच्या एक्स्चेंजवर टोनने नंबर फिरत नसत, तेथे ‘एटीडीटी’ऐवजी ‘एटीडीपी’ लिहून ठोक्यांनी फिरवावे लागत. या दोन-तीन अक्षरांच्या फेरफारात माणसे आठवडेच्या आठवडे अडकून पडलेली मी पाहिली आहेत, आणि ती सुटली ती मोडेमने नेमके काय म्हटले हे त्यांनी शब्दशः टिपून ठेवले म्हणूनच सुटली.

नंबर लागला, पलीकडच्या मोडेमने उत्तर दिले, दोघांची ती गाजलेली किंचाळी झाली आणि ‘सीडी’ हा दिवा पेटला, तरी दोष तारेत असेल तर तो दिवा घटकाभरात विझे व ‘नो कॅरिअर’ हे शब्द उमटत. खांबावरच्या डीपीपासून घरापर्यंत येणारी ड्रॉप वायर, तिला ठिकठिकाणी दिलेले आणि टेप गुंडाळलेले सांधे, वळवाच्या पावसात त्यांत मुरलेली ओल, घरात दुसऱ्या खोलीत काढलेला पॅरलल फोन आणि तो नेमका त्याच वेळी कुणीतरी उचलणे, असे सारे संशयित एकामागून एक तपासावे लागत. बोलण्याला जी तार निर्दोष भासते ती अंकांना निर्दोष असतेच असे नाही. कानाला क्षम्य वाटणारी खरखर मोडेमला घातक ठरते. ‘फोन तर चालू आहे’ असे म्हणणाऱ्या लाईनमनला हे पटवून देण्यासाठी, कोणत्या वेळी जोडणी झाली, किती वेगाने झाली आणि किती वेळाने तुटली याचे लेखी टिपण त्याच्या हाती ठेवण्यासारखा दुसरा उपाय नव्हता. ते टिपण पाहिल्यावर डीपीपासून पेअर बदलून देणारे लाईनमन आमच्या गावात होते, हेही कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

हे टिपण आपण हाताने करीत नव्हतो. ते लिनक्सच करीत होते, आणि माझ्या सांगण्याचा सारा रोख या गोष्टीवर आहे. तारेवरून दोन संगणकांत होणारे संभाषण पीपीपी या नियमावलीप्रमाणे चालते, आणि तिचे प्रमाण रूप 1994 च्या जुलैत निश्चित झाले. तिच्यानुसार आधी दुव्याच्या अटी ठरतात, मग ओळख पटवली जाते, मग पत्ता दिला जातो. आणि लिनक्समध्ये हे काम पाहणारा पीपीपीडी नावाचा कार्यक्रम यांतली प्रत्येक पायरी तारीख-वेळेसह व्यवस्थेच्या रोजनाम्यात नोंदवीत असे. ‘टेल’ ही आज्ञा देऊन तो रोजनामा पडद्यावर उघडा ठेवला की संभाषण ओळीओळीने उमटताना दिसे. अटी ठरवण्याची विनंती पुन्हापुन्हा जाऊन उत्तर येत नसेल तर पलीकडची बाजू अद्याप पीपीपी बोलायला लागलेली नाही हे कळे. ओळख पटवताना नकार आला तर दोष परवलीच्या शब्दात किंवा संपलेल्या खात्यात आहे हे कळे, आणि तारेला दोष देण्याचे कारण उरत नसे. पत्ता मिळाला, दूरच्या संगणकाला अंकी पत्त्याने हाक मारता आली, पण नावाने हाक मारता येत नाही असे झाले, तर ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ या फाइलीत नावांचा उलगडा करणाऱ्या संगणकाचा पत्ता लिहावयाचा राहिला आहे हे दोन मिनिटांत उमगे. आणि सारे काही यथास्थित असूनही एकही पान उघडत नसेल, तर रोजनाम्यात एक ओळ सापडे: आधीपासून असलेला मार्ग मी बदललेला नाही. संगणकात नेटवर्कचे दुसरे कार्ड असे, बाहेर जाणारी सारी वाहतूक त्या कार्डाच्या बंद वाटेकडे वळवलेली असे, आणि पीपीपीडी आपल्या धन्याच्या आज्ञेवाचून ती वाट मोडावयास तयार नसे. वाट मोडली नाही, आणि मोडली नाही हे सांगितले: उत्तम सेवकाकडून याहून अधिक अपेक्षा ती काय करावयाची?

ऑस्ट्रेलियाच्या पॉल मॅकेरास यांनी वर्षानुवर्षे सांभाळलेल्या या कार्यक्रमाच्या मार्गदर्शिकेत अखेरीस एक तक्ता आहे, तो मला कोणत्याही शासकीय परिपत्रकापेक्षा अधिक आदरणीय वाटतो. कार्यक्रम थांबला तर तो एक क्रमांक मागे ठेवून जातो, आणि शून्यापासून 19 पर्यंतच्या प्रत्येक क्रमांकाचा अर्थ तेथे दिलेला आहे. 7 म्हणजे पोर्ट उघडता आला नाही; 8 म्हणजे नंबर फिरवण्याची क्रियाच यशस्वी झाली नाही; 10 म्हणजे अटी ठरल्या नाहीत; 12 म्हणजे कुणी काही करीत नव्हते म्हणून दुवा सोडून दिला; 16 म्हणजे मोडेमने फोन ठेवला; 19 म्हणजे पलीकडच्याने आपली ओळख मान्य केली नाही. आपल्या सातबाऱ्यावरच्या प्रत्येक बदलामागे जसा फेरफाराचा क्रमांक असतो, आणि तो क्रमांक हाती आला की कुणी, कधी व कोणत्या कारणाने नोंद बदलली हे दप्तरातून काढता येते, तशीच ही व्यवस्था होती. ज्याला फारसे काही समजत नव्हते तोही ‘माझ्याकडे 16 येतो’ एवढे सांगू शकत असे, आणि ऐकणारा जाणकार तेवढ्यावरून तारेकडे बोट दाखवू शकत असे.

आता आजच्या पडद्यांकडे वळू. ऊसतोडीला गेलेले कुटुंब कारखान्याच्या हंगामानंतर गावी परतते, रेशन दुकानातल्या पॉस यंत्रावर बाई अंगठा ठेवते, आणि दुकानदार म्हणतो, ‘अंगठा लागत नाही, उद्या या’. कोयता चालवून आणि मोळ्या बांधून बोटांच्या रेषा झिजतात हे सर्वश्रुत आहे. पण त्या दिवशी अडचण खरोखर बोटाचीच होती, की त्या गावात नेटवर्क नव्हते, की दूरचा सर्व्हर उत्तर देत नव्हता, हे त्या बाईला कधीच कळत नाही. वस्तुतः कारण अस्तित्वात असते. आधार पडताळणीच्या यंत्रणेत प्रत्येक अपयशाला क्रमांक नेमलेला आहे. 300 म्हणजे ठसा जुळला नाही, 330 म्हणजे आधारधारकाने आपले बायोमेट्रिक कुलूपबंद केले आहे. पहिल्या कारणावर दुसरे बोट ठेवून पाहणे किंवा ठसे अद्ययावत करणे हा उपाय, दुसऱ्यावर कुलूप काढणे हा उपाय, आणि नेटवर्क नसेल तर बाईच्या बोटाचा काडीमात्र संबंध नाही. इतकी स्पष्ट कारणे यंत्रणेच्या पोटात असताना ती त्या बाईपर्यंत येता येता ‘अंगठा लागत नाही’ या तीन शब्दांत विरून जातात, आणि दोष तिच्या कष्टाने झिजलेल्या हातांवर येऊन बसतो. हा अन्याय आहे, आणि तो तांत्रिक नाही.

पीकविम्याचा प्रश्न तर याहून निकडीचा. गारपीट किंवा शिवारात पाणी साचणे यांसारख्या स्थानिक आपत्तीत नुकसानीची पूर्वसूचना 72 तासांच्या आत द्यावी असा पंतप्रधान पीकविमा योजनेचा नियम आपल्याकडे 2025 च्या खरिपापूर्वी लागू होता. आष्टी-पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यात वादळाने खांब पडलेले, वीज गेलेली, मोबाइलचा मनोरा मुका झालेला, अशा स्थितीत शेतकरी सूचना देण्याचा यत्न करी आणि पडदा ‘नंतर प्रयत्न करा’ म्हणे. 72 तासांचे घड्याळ मात्र थांबत नसे. मुदत टळल्यावर त्याने आपण यत्न केला होता असे सांगितले तर पुरावा कोठून आणावयाचा? त्याच्या भ्रमणध्वनीत त्या फसलेल्या यत्नाचा दाखला नसे, आणि पलीकडच्या यंत्रणेत असलाच तर तो त्याला मिळत नसे. पंचवीस वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या घरातला लिनक्स फसलेल्या प्रत्येक कॉलची वेळ सेकंदासह लिहून ठेवीत होता. शेतकऱ्याच्या वर्षाच्या कमाईचा निकाल लावणारी यंत्रणा त्याला तेवढेही देत नसे.

कायद्याने कारण सांगण्याचे कर्तव्य आपण पूर्वीच मान्य केले आहे. माहिती अधिकार अधिनियम, 2005 याच्या चौथ्या कलमात प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना द्यावीत असे सांगितले आहे, आणि महाराष्ट्राच्या 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमानुसार अर्ज फेटाळावयाचा तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. परंतु हे दोन्ही कायदे निर्णयाची व अर्जाची कल्पना करतात. यंत्र अडले म्हणजे अर्ज दाखलच होत नाही, कुणी अधिकारी निर्णयच घेत नाही, आणि नकार मिळूनही कायद्याच्या दृष्टीने नकार झालेला नसतो. पूर्वी तहसील कचेरीतला कारकून अर्ज घ्यायला कां-कूं करू लागला तर अर्जदार आवक-जावक लिपिकाकडे जाऊन पोच मागत असे, ती न मिळाली तर अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवीत असे. यंत्राच्या दारात ही वाट उरलेली नाही, आणि ती पुन्हा काढून देणे हे सरकारचे काम आहे.

यावर असे म्हटले जाईल की सामान्य माणसाला या क्रमांकांचे काय करावयाचे, त्याचे काम झाल्याशी कारण. काम झाले असते तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. आणि सामान्य माणसाच्या भोवती आज सेवा केंद्राचा चालक आहे, तलाठी आहे, कृषी सहायक आहे, कॉलेजात शिकणारी मुलगी आहे, त्यांच्यापैकी कुणाच्याही हाती कारण पडले तर ते त्याचा उपयोग करतील. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा: कारण उघड केले तर लबाडांचे फावेल. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, पण याचेही उत्तर पीपीपीडीने दिलेले आहे. ओळख पटवण्याचे संभाषण रोजनाम्यात लिहिताना तो परवलीचा शब्द झाकून ठेवतो आणि त्या जागी फक्त तो झाकला आहे एवढेच लिहितो. काय सांगावे आणि काय झाकावे याचा विवेक करता येतो. सगळेच झाकणे हा आळस आहे. एवढे मात्र मान्य केले पाहिजे की बिघाडाचे प्रत्येक सूक्ष्म कारण पडद्यावर ओतल्याने गोंधळच वाढेल. चार-सहा ढोबळ कारणे पुरेत, आणि ती मराठीत असावीत.

मागणी म्हणून मांडावयाचे तर ते असे. राज्यातली कोणतीही सार्वजनिक यंत्रणा, मग ते पोर्टल असो, ॲप असो वा रेशन दुकानातले यंत्र असो, नागरिकाचे काम पुरे करू शकली नाही तर तिने त्याला तारीख, वेळ, क्रमांक आणि मराठीत एका ओळीचे कारण यांची पोच दिली पाहिजे. जोडणीच नसेल तर ही पोच त्याच्या हातातल्या यंत्राने स्वतः तयार करून ठेवावी व जोडणी येताच पुढे पाठवावी. ज्या कामाला मुदत आहे त्या कामात दोष यंत्रणेकडे असल्याचे पोचेवरून दिसले, तर फसलेला पहिला यत्न हीच दाखल झाल्याची वेळ धरावी. बीडच्या जिल्हाधिकारी कार्यालयात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे पथक आहे, जिल्ह्याला संगणकाची कामे नवी नाहीत. तेव्हा पीकविम्यातल्या मुदतीच्या कामांपुरता हा नियम येत्या खरिपापासून एका जिल्ह्यात लागू करून पाहण्यास हरकत नसावी, आणि त्यासाठीचा शासन निर्णय पेरणीपूर्वी निघाला तरच त्याचा शेतकऱ्याला उपयोग आहे.